ब्रेकचं पेडल पुन्हा पुन्हा मऊ पडतंय? आधी भिंतीकडचं चाक बघा

रविवारी ब्रेकच्या तेलातली हवा काढली की पेडल टणक. सोमवारी, मंगळवारी ठीक. बुधवारी संध्याकाळी पाय ठेवला की पावसाळ्यातल्या काळ्या मातीत रुतावा तसा आत जायचा, आणि शनिवारी रात्री आम्ही पुन्हा नळी, बाटली आणि पाना घेऊन जमिनीवर. दिवाळीनंतर सुरू झालेलं हे प्रकरण होळीपर्यंत चाललं. मोजून अकरा वेळा हवा काढली. अर्ध्या लिटरचे सात डबे ब्रेक ऑइल गेलं. मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की तेल चाकांकडे ढकलणाऱ्या पंपाचं) रबर किट दोनदा बदललं, दोन्ही वेळा उगाच. शेवटी सापडला तो दोष एक नव्हता, तीन होते. आणि तिन्ही लपले ते एकाच कारणाने: गॅरेज अरुंद आहे, आणि आमचा हात नि डोळा जिथवर पोचत होता तेवढंच आम्ही परत परत तपासत होतो.

गाडी कुठली ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं अर्धं कळणार नाही. लोटस सेव्हनच्या ढंगाची, दोन माणसांची, वरून उघडी. चौकोनी नळ्यांची चासी, फायबरचं नाक आणि मडगार्ड किटमधून आलेले. बाकी सगळं एका जुन्या मारुती ओम्नीतून काढलेलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल, पुढच्या डिस्क, मागचे ड्रम. ओम्नीच का, असं बरेच जण विचारतात. मारुती ८०० मध्ये हे इंजिन आडवं बसून पुढची चाकं फिरवतं. ओम्नीत ते लांबीत बसतं आणि मागची चाकं फिरवतं. सेव्हनच्या ढंगाच्या गाडीला हेच हवं. ओम्नीचा ब्रेक बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, मात्र मी लावलेला नाही. गाडी हलकी आहे, पेडलची तरफ ५ ला १ ठेवली आहे, तेवढं पुरतं.

ही गाडी इंदूरच्या रस्त्यावर येणार नाही, हेही आधीच सांगून टाकतो, कारण तो प्रश्न येतोच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे गाडीच्या नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी लागते, आणि नोंदलेल्या गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला १९८८ च्या कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. तेव्हा ही गाडी टोइंगच्या ट्रकवर चढून महूच्या पुढे मावशीच्या शेतावर जाते आणि तिथेच फिरते. पण शेतातही ब्रेक लागतोच. तिथे विहीर आहे.

आता गॅरेज. वडिलांनी लोकमान्य नगरात घर बांधलं तेव्हा दारात स्कूटर होती. पुढेमागे फियाट येईल म्हणून त्यांनी गॅरेज काढून ठेवलं. फियाट आली नाही. आतलं माप रुंदीला ८ फूट ३ इंच, लांबीला १४ फूट. गाडीची रुंदी ५ फूट ३ इंच. उरले तीन फूट. ते दीड-दीड वाटले तर कुठल्याच बाजूला धड वाकता येत नाही, म्हणून गाडी डाव्या भिंतीपासून नऊ इंचांवर लावली आणि उजवीकडे सव्वादोन फूट मोकळे ठेवले. नाक आत, शेपूट फाटकाकडे. आतल्या भिंतीवरच्या फळीवर आईच्या लोणच्याच्या बरण्या, आणि त्या हलवायच्या नाहीत ही या कामाची पहिली अट. (ब्रेक ऑइलचा डबा त्या फळीवर चुकूनही ठेवू नका. ते ग्लायकॉलचं असतं, पोटात गेलं तर विष.)

मऊ म्हणजे नक्की कसं?

‘पेडल मऊ पडलं’ हे ‘अंग गरम लागतंय’ म्हणण्यासारखं आहे. त्यावरून औषध देता येत नाही. आम्ही पहिले दोन महिने नेमकं तेच केलं: मऊ लागलं की हवा काढ. ओळखीच्या मेकॅनिकला विचारलं तर त्याचंही तेच. “भिया, हवा पूरी नी निकली, और निकालो.”

पेडलवर हाताने किंवा पायाने हळू दाब देऊन तीन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. पहिल्या दाबाला पेडल खूप खाली जातं, पण लगेच दोन-तीनदा मारलं की वर येतं आणि टणक लागतं: इथे हवेचा संबंध कमी. मागच्या ड्रमला आतून घासणारे शू ड्रमपासून लांब आहेत, किंवा पुढच्या चाकाचं बेअरिंग ढिलं असल्याने डिस्क हलून तिला दोन्हीकडून धरणाऱ्या पॅडला मागे ढकलते आहे. दुसरा प्रकार म्हणजे पेडल कितीही मारलं तरी तळाशी स्प्रिंग असल्यासारखं लागतं, दाबलं की थोडं आणखी जातं, सोडलं की पायाला परत ढकलतं. ही हवा. नाहीतर फुगणारी रबरी नळी, किंवा पेडल ज्या पत्र्यावर बसवलंय तो पत्राच वाकतोय. तो वाकतो का, हे दुसऱ्याने पेडल दाबताना नुसतं बाजूने बघितलं तरी कळतं. तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट: पाय एकाच जोराने धरून ठेवला तरी पेडल हळूहळू बुडत जातं. मास्टर सिलिंडरचं रबर आतल्या आत तेल सोडतंय, किंवा बाहेर कुठे गळतंय. अशी गाडी जागची हलवायचीसुद्धा नाही.

आमचं दुसऱ्या प्रकारातलं, आणि त्यात पहिल्याचीही भेसळ. भेसळ वीस मिनिटांत सुटली. मागची चाकं फाटकाकडे, मोकळी. घोडीवर घेतली, शू इतके बाहेर काढले की चाक फिरवताना किंचित खरखर ऐकू यावी, आणि हँडब्रेकची केबल त्यांना ओढून धरत नाही ना ते पाहिलं. पेडल चांगलं बोटभर वर आलं. आम्ही खूश. बुधवारी परत तेच.

हवा एवढी त्रास का देते याचा एकदा हिशेब मांडून बघा, मग अर्धवट काम करायची इच्छाच होत नाही. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली विक्रीतली पहिली मोटार म्हणजे १९२१ च्या सुमाराची ड्यूसेनबर्ग मॉडेल ए. (त्याच कंपनीची एसजे पुढे दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी इंदूरसाठी मागवली, म्हणजे या तेलाशी आपल्या गावाचं नातं जुनं आहे.) शंभर वर्षांत तत्त्व बदललेलं नाही: तेल दबत नाही, हवा दबते. माझ्या मास्टर सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर. क्षेत्रफळ साधारण २८५ चौरस मिलिमीटर. आत एक मिलिलिटर हवा राहिली, जेमतेम वीस थेंबांएवढी, तर जोरात दाबल्यावर ती जवळजवळ नाहीशी होते आणि तिची जागा भरायला पिस्टनला साडेतीन मिलिमीटर जास्त जावं लागतं. पेडलची तरफ ५ ला १. म्हणजे पायाखाली पेडल साडेसतरा मिलिमीटर जास्त खाली. एका मिलिलिटरला पावणेदोन सेंटिमीटर! हा हिशेब मी फळीखाली खडूने लिहून ठेवला आहे.

भिंतीकडची बाजू

वळण आणलं ते भाच्याने. तो कॉलेजच्या बाहाच्या संघात होता. बाहा एसएईइंडिया ही मुलांनी स्वतः बांधलेल्या एकमाणशी गाड्यांची स्पर्धा. २००७ मध्ये ती आपल्या पीथमपूरलाच सुरू झाली. तिथे ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग लागतात, आणि चाचणीत चारही चाकं एकदम जाम झाली नाहीत तर गाडी पुढच्या फेऱ्यांत उतरवूच देत नाहीत. त्यामुळे या पोरांनी ब्रेकवर रात्री घालवलेल्या असतात. तो आला, पेडल दोनदा दाबलं आणि म्हणाला, “मामा, हवा काढू नकोस. आधी ती कुठल्या चाकात आहे ते शोध.”

कसं शोधायचं? प्रत्येक रबरी नळी एकेक करून चिमट्याने आवळायची आणि पेडल दाबून बघायचं. ज्या नळीला आवळल्यावर पेडल एकदम टणक होतं, हवा तिच्या पलीकडे आहे. चिमटा गोल जबड्यांचा, नळीसाठीचाच हवा. दातांच्या पकडीने आवळलीत तर नळी आतून फाटते आणि एक नवीन रोग विकत घ्याल. मागची आवळली: फरक थोडा. पुढची उजवी आवळली: फरक नाही. राहिली पुढची डावी.

आणि इथे आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. कारण पुढच्या डाव्या चाकापाशी, त्या नऊ इंचांत, माणूस जातच नव्हता. चार महिने मी तिथलं निप्पल, म्हणजे हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू, कसं उघडत होतो? बोनेटवरून पालथा पडून, हात खांद्यापर्यंत खाली घालून, बोटांनी चाचपून. नळी लावायची तीही चाचपूनच. निप्पल कुठे आहे हे माझ्या बोटांना पाठ होतं. डोळ्यांनी ते मी एकदाही बघितलेलं नव्हतं.

भाच्याने मोबाइल एका लाकडी पट्टीला रबरबँडने बांधला, टॉर्च लावला, व्हिडिओ सुरू केला आणि पट्टी भिंतीलगत आत सरकवली. मग आम्ही ओट्यावर बसून तो पाहिला. निप्पल कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या, खालच्या अंगाला.

ज्यांना यातली गोम लक्षात आली नाही त्यांच्यासाठी: हवा वर जाते. निप्पल वर असेल तरच ती बाहेर पडते. खाली असेल तर तुम्ही दहा लिटर तेल घाला, ते खालून छान स्वच्छ वाहून जाईल आणि कॅलिपरच्या वरच्या पोकळीतला बुडबुडा तिथेच निवांत बसून राहील. झालं होतं असं की ओम्नीचा डावा कॅलिपर जाम होता म्हणून मी जुन्या सामानाच्या बाजारातून दुसरा आणला. देणाऱ्याने डावा म्हणून उजवा दिला. दोन्ही कॅलिपर बोल्टांना तंतोतंत बसतात, डिस्कवरही नीट येतात; फक्त उजवा डावीकडे लावला की उलटा होतो. त्याची चूक होती असं म्हणून मी पहिले दोन दिवस चरफडलो. पण लावला मीच होता, आणि लावताना चाचपूनच लावला होता.

डावा कॅलिपर मिळेपर्यंत एक तात्पुरता उपाय आहे आणि तो अनेकांच्या कामाचा. कॅलिपर बोल्टांतून सोडवायचा, नळी तशीच ठेवायची, डिस्कच्या जागी दोन पॅडमध्ये त्याच जाडीची लाकडाची फळी अडकवायची म्हणजे पिस्टन बाहेर पडत नाही, आणि निप्पल वर येईल असा हातात धरून हवा काढायची. आम्ही तसं केलं तेव्हा जो फुस्स आवाज करत बुडबुडा आला, तो ऐकून स्वयंपाकघरातून बायको “काय फुटलं?” म्हणत आली.

पण हे हातात धरणार कुठे? म्हणून खरं काम केलं ते चार पाट्यांनी. लोखंडी अँगलची चौकट, खाली चार फिरती चाकं, अशी गाडीच्या प्रत्येक चाकाखाली एक. लोहा मंडीतून अँगल आणला, वेल्डिंग घरी. माझी गाडी साडेपाचशे किलोच्या आसपास आहे, म्हणजे एका पाटीवर सरासरी १४० किलो. मी २५० किलो झेलतील अशी घेतली, कारण जमीन ओबडधोबड असली की बहुतेक भार दोन-तीन पाट्यांवरच येतो. आता गाडी आडवी सरकते. डावं काम असलं की उजव्या भिंतीला, उजवं असलं की डाव्या. हे मी पहिल्या महिन्यात केलं असतं तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती. एक इशारा: पाट्यांवरची गाडी उतारावर आपली आपण निघते. आमची निघाली. फाटक बंद होतं म्हणून बरं. त्यानंतर प्रत्येक पाटीला चारही बाजूंनी लाकडी पाचर असल्याशिवाय मी आत पाऊल ठेवत नाही, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच नाही.

दहाव्या दिवशी परत

बरोबर डावा कॅलिपर लावला, हवा काढली, पेडल मस्त. नऊ दिवस. दहाव्या दिवशी पुन्हा तीच लवचीक ढुस्स.

या वेळी मात्र आमच्याकडे पुरावा होता. भाच्याने मास्टर सिलिंडरवरच्या तेलाच्या डबीवर पातळीपाशी चिकटपट्टी लावून पेनाने रेघ मारून ठेवली होती. पातळी रेघेच्या चार मिलिमीटर खाली. पॅड नवे, त्यामुळे झीज नाही. म्हणजे तेल बाहेर जातंय. आधीच्या महिन्यांत आम्ही दर शनिवारी डबी काठोकाठ भरत होतो, त्यामुळे हा पुरावा आम्ही स्वतःच दर आठवड्याला पुसत होतो.

जमिनीवर एक थेंब नाही. गाडी उजवीकडे सरकवून चासीची डावी नळी बघितली तर तिचा काळा रंग हातभर लांबीत फुगून पापुद्र्यांनी सुटलेला. ब्रेक ऑइल रंग खातं. गळती शोधताना ओल शोधू नका, रंग शोधा. तेल नळीवरून ओघळत खाली टाकलेल्या गोणपाटात जिरत होतं. आणि ते येत होतं मागच्या चाकांकडे जाणाऱ्या पाइपाच्या मधल्या जोडातून.

तो जोड तिथे असायलाच नको होता. मागपर्यंत अखंड पाइप घालायचा तर तो पुढून सरळ आत सरकवायला जागा लागते, आणि पुढे तर भिंत. म्हणून मी पाइप मधे कापला आणि पितळी कनेक्टरने जोडला. कनेक्टर घरातल्या खोक्यात पडलेला, कुठल्याशा युरोपीय गाडीचा. आटे बसले, नट घट्ट झाला, मी पुढे गेलो.

इथे बरेच जण फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. ब्रेक पाइपच्या नटाचे आटे खूप गाड्यांत सारखेच असतात: १० मिलिमीटर व्यास, १ मिलिमीटर पिच (दोन आट्यांमधलं अंतर). पण टोकं दोन जातींची. जपानी घराण्यात, म्हणजे मारुतीतही, पाइपचं टोक दुहेरी दुमडून नरसाळ्यासारखं उघडलेलं असतं आणि ते आतल्या उंचवट्यावर, ४५ अंशांच्या शंकूवर, दाबून बसतं. युरोपीय घराण्यात टोक मण्यासारखं फुगवलेलं असतं आणि ते आतल्या खोलगट बैठकीत बसतं. नरसाळं खोलगट बैठकीत घातलं तर नट घट्ट होतो, पण टोक नुसतं काठावर टेकतं. हलक्या दाबाला गळत नाही. जोरात ब्रेक मारला की एक बारीकशी ओल सुटते, आणि पाय सोडताना तिथूनच हवेचा कण आत ओढला जातो. हवा काढल्यावर पेडल काही दिवस चांगलं लागायचं आणि मग बिघडायचं, ते यामुळे. अशा जोडाला आणखी आवळून काही होत नाही. टोक चिरतं, एवढंच.

दुरुस्ती सोपी होती, जागा सोडून. गाडी अर्धी फाटकाबाहेर काढली, ४.७५ मिलिमीटरचा नवा पोलादी ब्रेक पाइप अखंड घातला, दोन्ही टोकं दुहेरी दुमडून. दुमडण्याआधी टोकाची कोर कानशीने साफ करा आणि नट पाइपात आधी घाला. नट विसरून दुमडलेली दोन टोकं माझ्याकडे आठवण म्हणून आहेत. फ्रिज-एसीचा तांब्याचा पाइप सहज वाकतो आणि स्वस्तात मिळतो म्हणून तो लावायचा सल्ला मला तिघांनी दिला. लावू नका. तांबं कंपनाने कडक होत जातं आणि एक दिवस चिरतं, तेही बहुतेक टोकापाशी.

नंतर प्रत्येक जोडाभोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळली, सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडी पट्टी अडकवून पेडल रात्रभर दाबून ठेवलं. सकाळी कागद कोरडे. तेल कुठे सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा, ते पाण्यात विरघळतं. जोड पेट्रोल-डिझेलने पुसू नका. खनिज तेलाने ब्रेकची रबरं फुगतात. आमच्या पहिल्या रबर किटचा जीव असाच गेला. बाहेर बसवायला दिलं होतं, तिथे सिलिंडर पेट्रोलने धुतला.

जमीनच तिरकी

आता पातळी हलत नव्हती, कागद कोरडे होते, तरी पेडल मनासारखं नव्हतं. पट्टीने मोजलं: टणक लागेपर्यंत ५२ मिलिमीटर. शिवाय एक विचित्र खोड. गॅरेजात जरा बरं लागायचं आणि गाडी बाहेर सपाटीवर काढून चार वेळा ब्रेक मारले की आणखी मऊ.

याचं उत्तर गवंड्याच्या पातळी बघायच्या पाण्याच्या नळीने दिलं. आतल्या भिंतीपासून फाटकापर्यंत जमीन साडेतीन इंच खाली. वडिलांनी पाणी वाहून जायला उतार ठेवला होता, पण तो एवढा नव्हता. बाकीचं काम माळव्याच्या काळ्या मातीचं. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि फाटकाकडची बाजू दर वर्षी थोडी बसते. फरशीच्या भेगेत पाच रुपयांचं नाणं उभं जातं. त्यात पुढची चाकं काढायची म्हणून गाडीचं नाक आम्ही नेहमी सहा इंच वर, घोडीवर. चाकांतलं अंतर ७ फूट ४ इंच. सगळं मिळून नाक जवळजवळ पाच अंश वर.

मास्टर सिलिंडर चासीला समांतर बसवलाय. नाक वर म्हणजे त्याचं पुढचं, बंद टोक वर. हवा तिथे, तेल जाण्याच्या भोकाच्या पलीकडे, दडून बसायची. आम्ही अकरा वेळा हवा काढली ती अकराही वेळा नाक वर ठेवूनच. तेल बुडबुड्याच्या खालून निघून जायचं. गाडी सपाटीवर आली की बुडबुडा सरकायचा, भोकापाशी यायचा, आणि पुढच्या दोन-चार दाबांत पाइपात.

मग उलटं केलं. पुढची चाकं जमिनीवर, मागची लाकडी ठोकळ्यांवर, इतकी की मास्टर सिलिंडरवर ठेवलेल्या पाणसळीचा बुडबुडा मागे सरकला, म्हणजे सिलिंडरचं पुढचं टोक खाली. पेडल पूर्ण न दाबता बोटभरच, हळू, वीस-पंचवीस वेळा. डबीतून मुगाच्या दाण्यांएवढे बुडबुडे वर आले, एकामागून एक. मग चाकांची हवा, सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून.

एकट्याने काम करणाऱ्यांना उलट्या बाजूने तेल भरणं सोयीचं पडेल: औषधांच्या दुकानातली ५० मिलिलिटरची सिरिंज, पारदर्शक नळी, आणि कॅलिपरच्या निप्पलमधून तेल हळूहळू वर ढकलायचं. हवेला वरच जायचं असतं, तिला मदत होते. डबी वरून ओसंडणार नाही याकडे लक्ष हवं. सिरिंजचं रबर ब्रेक ऑइलने फुगतं, दर वेळी नवी घ्या. नळीतून आलेलं तेल परत डबीत ओतू नका, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

दोघं असाल तर शब्द आधी ठरवा. आमच्याकडे पेडलवर बायको आणि पान्यावर मी. मी “सोड” म्हणालो की ती पेडल सोडायची. माझा अर्थ असायचा, मी निप्पल सोडतोय. निप्पल उघडं असताना पेडल वर आलं की नळीतून हवा सरळ आत. किती रविवार या एका शब्दापायी गेले कोण जाणे. आता ती म्हणते “तळाला”, मी निप्पल बंद करून म्हणतो “बंद”, आणि मगच तिचा पाय उठतो. ‘सोड’ हा शब्द गॅरेजात बंद आहे.

तेलाबद्दल थोडं. मी डॉट ३ या प्रतीच्या ब्रेक ऑइलवरून डॉट ४ वर आलो. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषलेलं १४० ला. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. हे तेल हवेतली ओल ओढतं, त्यामुळे जुलैत उघडा राहिलेला डबा ऑगस्टमध्ये वापरायचा नाही. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते या दोन्हींत मिसळत नाही. कोणी सुचवलं तर हसून विषय बदला. आणखी एक सल्ला वारंवार मिळेल: मास्टर सिलिंडर मोठ्या व्यासाचा लाव, पेडल टणक होईल. होईल खरं. पण पाच-अष्टमांश इंचावरून पाऊण इंचावर गेलात तर क्षेत्रफळ १९८ वरून २८५ चौरस मिलिमीटर होतं. तेवढाच जोर लावून तेलातला दाब तीस टक्क्यांनी कमी मिळतो. पेडल टणक आणि गाडी थांबत नाही. हवा तशीच आत.

शेतावर सोयाबीन वाळवायचं पक्कं खळं आहे. तिथे ताशी वीस किलोमीटरवरून पूर्ण ब्रेक मारून बघितला. भाचा बाजूला उभा, व्हिडिओ काढत: पुढची चाकं आधी जाम व्हायला हवीत, मागची नंतर. मागची आधी झाली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, आणि मग मागच्या मार्गावर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह घातल्याशिवाय पुढे जायचं नाही. आमची पुढची आधी झाली, सरळ रेषेत. मावशीचा सालदार म्हणाला, “गाड़ी तो रुक गई, अब चलाओगे कब?”

डबीवरची चिकटपट्टी अजून तशीच आहे. दर रविवारी पोहे-जिलेबी आणायला निघण्याआधी पेडलपाशी पट्टी धरतो. हवा काढली त्या दिवशी ३४ मिलिमीटर होतं. आज पाचवा रविवार: ३४.